गल्लीतली मांजरं सांभाळायला घेताय? ताटलीच्या आधी वही काढा

पहिल्या वर्षी मी सगळं उलट्या क्रमानं केलं. जिन्याखाली एक तिरंगी मांजरी आणि एक पिवळा बोका येऊन बसायचे, उपाशी वाटायचे, म्हणून ताटली ठेवायला लागले. दहा महिन्यांत दोनाची अकरा झाली. त्यातली चार पिल्लं माझ्या डोळ्यांसमोर गेली, शेजारच्यांनी बोलणं टाकलं, आणि मला अजून हेही माहीत नव्हतं की मांजर पकडायचा पिंजरा नावाची वस्तू असते.

हिशेब साधा आहे. मांजरी साधारण नऊ आठवडे गाभण असते. चार-पाच महिन्यांची झाली की पहिल्यांदा गाभण राहू शकते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणजे पोटभर खायला घालणं आणि नसबंदी न करणं याचा अर्थ पुढच्या मोसमात दुप्पट तोंडं. भूक भागवणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग, आणि नेमकं तिथूनच सगळे सुरुवात करतात. मी पुन्हा सुरुवात केली असती तर पुढच्या क्रमानं केली असती.

१. आधी मोजा

आठवडाभर काही करू नका, फक्त बघा. सकाळी आणि तिन्हीसांजेला, ठरल्या वेळी, वही घेऊन. प्रत्येक मांजराला एक पान द्या आणि फोनवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. रंग, शेपटीचं टोक, पायातले मोजे, नाकावरचा डाग, लंगडतं का, पोट सुटलंय का. दोन काळी मांजरं तुम्हाला महिनाभर एकच वाटू शकतात. मला वाटली होती.

नर की मादी हे लांबून कळायला थोडी मदत रंगाची होते. पांढरा, काळा आणि पिवळा असे तिन्ही रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. पिवळ्या मांजरांत बोके जास्त असतात, पण पाचातली एखादी मादी निघते, तेव्हा त्यावर विसंबू नका. नसबंदी न झालेल्या वयात आलेल्या बोक्याचे गाल फुगीर आणि मान जाड दिसते, अंगाला उग्र वास येतो.

कान नीट बघा. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल, तर त्या मांजराची नसबंदी आधीच झालेली आहे. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो, हा कात्रीनं कापल्यासारखा सपाट दिसतो. बऱ्याच ठिकाणी डावा कान कापतात, काही ठिकाणी उजवा.

मग ठरवा की हे मांजर तिघांतलं कोण: हरवलेलं, सोडून दिलेलं, की बाहेरच जन्मलेलं. शेपटी उभी करून जवळ येणारं, डोळ्यांत बघून ओरडणारं मांजर बहुधा कुणाच्या तरी घरात राहिलेलं असतं. बाहेरचं मांजर माणसाशी फारसं बोलत नाही, जमिनीलगत वाकून चालतं आणि तुम्ही लांब गेल्यावरच खातं. पण इथे एक फसवणूक आहे. नुकतंच सोडून दिलेलं घरचं मांजर भीतीनं इतकं बिथरतं की पहिले काही दिवस अगदी रानटी वाटतं. गाडीखाली दडतं, फिसकारतं. एखादं अनोळखी मांजर अचानक उगवलं, अंग मळलेलं आणि दिवसेंदिवस वाळत चाललंय, तर त्याला वेळ द्या. बाहेर वाढलेल्या मांजराचं अंग सहसा स्वच्छ असतं, कारण त्याला तिथे राहता येतं.

हात लावू देत असेल तर कागदाची पट्टी गळ्यात सैल गुंडाळा आणि तिच्यावर लिहा, ‘हे मांजर तुमचं आहे का?’ खाली फोन नंबर. कागदच घ्या, कुठे अडकला तर फाटेल. आणि पहिल्यांदा डॉक्टरकडे न्याल तेव्हा मायक्रोचिप आहे का ते तपासायला सांगा; तिच्यातल्या नंबरावरून मालक सापडू शकतो. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप खांद्यांच्या मध्ये कातडीखाली असते, हाताला सहसा लागत नाही.

२. मग माणसांशी बोला

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, तशी ही पायरी सगळे टाळतात. टाळू नका. ज्याच्या कुंडीत मांजर घाण करतं, ज्याची झोप बोक्यांच्या भांडणानं मोडते, तो तुमचा शत्रू नाही. त्याला प्राणिप्रेमावर भाषण नको असतं, रात्रीची ओरड थांबायला हवी असते. नसबंदीनं माजावरची ओरड थांबते आणि बोक्यांची मारामारी, भिंतीवर शू उडवणं पुष्कळ कमी होतं. एवढंच सांगा.

याच फेरीत दोन गोष्टी कळतात: आणखी कोण खायला घालतंय, आणि कुणाच्या माळ्यावर पिल्लं आहेत. जागा खासगी असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, निदान फोनवरच्या संदेशात तरी. भटक्या मांजरांबद्दल तुमच्या भागातले नियम काय आहेत तेही याच आठवड्यात स्थानिक कार्यालयातून विचारून घ्या. काही ठिकाणी पकडण्यासाठी नोंदणी लागते.

३. खायला घाला, पण घड्याळ लावून

दिवसातून एक किंवा दोन ठरलेल्या वेळा, एकच जागा. अर्ध्या तासानं ताटली उचला. दिवसभर भरलेली ताटली ठेवलीत तर मुंग्या, उंदीर आणि तक्रारी तिन्ही येतात, आणि मुख्य म्हणजे मांजर कधी येईल हे सांगता येत नाही. पुढे पकडताना हीच वेळ तुमच्या कामाला येते. मुंग्यांचा त्रास असेल तर पसरट ताटात बोटभर पाणी घालून त्यात मधोमध वाडगा ठेवा.

मध्यम अंगाच्या मांजराला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. कुत्र्याचं खाद्य कायमचं चालत नाही, कारण मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय अधू होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पितंही, पण मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचत नाही आणि मग जुलाब लागतात. पाणी ठेवा, ताटलीपासून जरा लांब. कांदा, लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडं नकोत.

४. नसबंदी: सगळी मेहनत इथे

आधी डॉक्टरची वेळ घ्या, मग मांजर पकडा. हे उलटं केलंत तर पिंजऱ्यात गुरगुरणारं मांजर घेऊन तुम्ही दारोदार फिराल. वेळ घेताना चार प्रश्न विचारा. हात लावू न देणारं मांजर तुम्ही घेता का? विरघळणारे टाके घालता का? कानाचं टोक कापाल का? त्याच भुलीत रेबीजची आणि इतर लस देता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चाचरत आलं तर दुसरा दवाखाना शोधा.

जवळ काय हवं:
– पाय पडला की दार पडणारा पिंजरा. एका मांजराला एक. विकत घेण्याआधी प्राणिसंस्थांकडे विचारा, अनेक जण वापरायला देतात
– पिंजरा पूर्ण झाकेल एवढी जुनी चादर
– वर्तमानपत्रं, जाड टॉवेल, हातमोजे
– वहीतलं त्या मांजराचं पान आणि फोटो
– तुमचं ओळखपत्र आणि शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करायची तयारी. ‘मालक’ या रकान्यात काय लिहायचं ते आधी विचारून ठेवा

पकडण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून पिंजरा जेवणाच्या जागी न्या, दार वर बांधून ठेवा आणि ताटली रोज थोडी आत सरकवा. शेवटी मांजर बिनघोर आत जाऊन जेवायला लागतं. आदल्या संध्याकाळचं जेवण बंद. भुकेलं असेल तरच दारात थबकून परत न फिरता आत जाईल. इथे सगळ्यांनाच तंबी द्यावी लागते, कारण कुणी तरी कनवाळू माणूस नेमका त्याच रात्री डबा उघडतो.

पकडायच्या दिवशी तळाला वर्तमानपत्र घाला, म्हणजे जाळी पायाला टोचत नाही. वासाचं काही तरी, माशाचा तुकडा असेल तर उत्तम, अगदी मागच्या टोकाला ठेवा, म्हणजे पायपट्टीवर पाय पडल्याशिवाय तोंड पोचणार नाही. मग लांब जा, पण नजरेआड होऊ नका. लावलेला पिंजरा सोडून चहाला जायचं नाही. मांजर घाबरून जाळीवर डोकं आपटतं, नाक सोलून घेतं.

दार पडलं की पळत जा आणि चादर टाका. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही: आत वादळ चाललेलं, आणि चादर पडताच दहा-बारा सेकंदांत चिडीचूप. अंधार झाला की मांजर गोठून बसतं. ‘बिचारं गुदमरेल’ म्हणून चादर उचलून आत डोकावू नका, बोटं घालू नका, आणि एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात हातानं तर अजिबात नको.

पोटाकडे जरूर बघा. आचळं मोठी, गुलाबी आणि भोवतालचे केस गळलेले दिसले तर ही व्यालेली आहे आणि कुठे तरी पिल्लं वाट बघतायत. डॉक्टरला लगेच सांगा. अंगावर पाजणाऱ्या मांजरीचीही शस्त्रक्रिया होऊ शकते, नंतरही ती दूध पाजू शकते, पण तिला लवकरात लवकर पिल्लांकडे पोचवावं लागतं. गाभण असेल तर काय करायचं हा निर्णय डॉक्टरशी बोलून, आणि त्याच दिवशी घ्यावा लागतो. त्यासाठी मनाची तयारी आधी करून जा. तो सोपा नसतो.

शस्त्रक्रियेनंतर पिंजरा घरातल्या शांत, उबदार कोपऱ्यात, चादरीखाली. शुद्ध पूर्ण आल्याशिवाय खाणंपाणी देऊ नका. बोक्याला एक रात्र ठेवलं तरी चालतं, मांजरीला एक-दोन दिवस. जखमेतून रक्त थेंबथेंब येत राहिलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, मांजर दुसऱ्या दिवशीही डोकं वर करेना, तर वाट बघू नका, डॉक्टरला फोन करा. सगळं ठीक असेल तर जिथून उचललं तिथेच, त्याच जागी सोडा. ‘जरा मोकळी जागा बघून’ दुसरीकडे सोडणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा टाकून देणं. दार उघडल्यावर ते बाणासारखं निघून जाईल आणि दोन-तीन दिवस तुम्हाला तोंड दाखवणार नाही. मग येतं. बोका नसबंदीनंतरही काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, तेव्हा लगेच निर्धास्त होऊ नका.

कानाचं टोक कापायला मी सुरुवातीला नाही म्हणत असे. क्रूर वाटायचं. मग एकदा एक करडी मांजरी पकडून नेली, तिला भूल दिली, पोटाचे केस काढले, आणि डॉक्टरनं मला आत बोलावून एक बारीक पांढरी रेघ दाखवली. जुन्या टाक्यांची. दोन वर्षांपूर्वी मीच नेली होती तिला, वहीत ‘करडी, लाजाळू’ एवढंच लिहून. एक फुकटची भूल आणि एक रात्र पिंजऱ्यात, माझ्या हळवेपणापायी. भुलीत असताना जेमतेम सेंटिमीटरभर टोक कापतात, ते मांजराला जाणवत नाही. हो म्हणा.

५. पिल्लं दिसली तर हात खिशात

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. जागा बदलताना ती एकेक पिल्लू उचलून नेते आणि मधे तासन् तास बाकीची एकटी पडतात. नेमकं त्याच वेळी कुणी तरी ‘अनाथ’ पिल्लं उचलून घरी नेतो. पिल्लं गुबगुबीत, उबदार आणि गप्प झोपलेली असतील तर आई येऊन जाऊन आहे. शंका असेल तर भोवती पिठाचं पातळ कडं करा आणि निघून जा. काही तासांनी पिठात पावलं उमटलेली दिसली की प्रश्न मिटला. तुम्ही शेजारी बसून राहिलात तर ती येणारच नाही.

पिल्लं गार लागतायत, सतत ओरडतायत, अंगावर माश्या बसतायत, किंवा आई मेलेली दिसली, तर मात्र उचला. आणि पहिली गोष्ट ऊब, दूध नाही. गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही, तेच दूध त्याचा जीव घेतं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, हळूहळू गरम होऊ द्या, तोंडाचा आतला भाग उबदार लागला की मग पाजा. गाईचं दूध नाही, मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर. पाजताना पिल्लू पोटावर, आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलंत तर दूध फुप्फुसात जातं. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी ओल्या कापसानं मागचा भाग हलक्या हातानं पुसा, कारण साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपण होऊन शी-शू करता येत नाही. आई हे जिभेनं करते.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा हे तुमचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार. जन्मतः साधारण 100 ग्रॅम, रोज 10 ते 15 ग्रॅम वाढ. एखाद्या दिवशी वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

वय ओळखायचं तर डोळे बघा: मिटलेले असतील तर दहा-बारा दिवसांच्या आतलं. कान उभे राहून डगमगत चालायला लागलं की तीन आठवडे. डोळ्यांचा निळा रंग बदलायला लागला की सहा-सात. माणसाची सवय लागण्याचा खरा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. तेवढ्यात हाताळलं गेलं तर ते पिल्लू कुणाच्या मांडीवर झोपेल. चार महिन्यांच्या रानटी पिल्लाला माणसाळवायला मी तीन महिने घालवले, ते अजूनही फक्त माझ्याच हातून खातं. आठ आठवडे आणि किलोभर वजन झालं की नसबंदीसाठी विचारा. इतक्या लहान वयात करणारे डॉक्टर असतात.

६. डॉक्टरकडे कधी पळायचं

मांजर दुखणं लपवतं. म्हणून ‘जेवायला आलं नाही’ हीच पहिली खूण, आणि वहीचा खरा उपयोग इथे. दोन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराचं, विशेषतः जाड मांजराचं, यकृत बिघडू शकतं.

तासांत गणित करायचं असे प्रसंग: बोका पुन्हा पुन्हा शू करायला बसतोय आणि थेंब पडत नाही. लोक याला बद्धकोष्ठ समजतात. लघवीचा मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. तोंड उघडून श्वास घेणं, मागचे पाय एकाएकी लुळे पडणं, पिल्लाला उलट्या आणि जुलाब एकदम सुरू होणं, हेही त्याच रांगेत. उलट्या-जुलाबाच्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक जीवघेणा विषाणूचा आजार, झालेला असू शकतो; त्याला इतरांपासून वेगळं ठेवा. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो आणि साध्या साबणानं मरत नाही. एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवून मग धुवा.

घरातलं औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. कुत्र्यांच्या पिसवांचं औषध, ज्यात परमेथ्रिन असतं, तेही विषच. लिलीचं फूल, पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मूत्रपिंड निकामी करतं.

७. तुमची कातडी

मांजराचे दात सुईसारखे असतात: वर टिकलीएवढं भोक, आत खोलवर जंतू. चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. जिथे रेबीज आहे तिथे लशीचा निर्णय डॉक्टरचा, ‘मांजर ओळखीचं आहे’ हे कारण चालत नाही. हे काम नियमित करणार असाल तर रेबीजची आगाऊ लस घेऊन ठेवा. गोल खवल्याखवल्यांचे केसगळतीचे चट्टे असलेल्या मांजराला उघड्या हातानं धरू नका, तो नायटा तुम्हालाही होतो. मला हनुवटीवर झाला होता, महिनाभर. घरात कुणी गरोदर असेल तर शीचा ट्रे दुसऱ्यानं, आणि रोज साफ करायचा. मांजराच्या शीतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, त्याआधी ती गेलेली असावीत.

८. घर मिळण्यासारखी असतील त्यांना घर

सगळ्यांना घर शोधत बसू नका. बाहेर वाढलेल्या मोठ्या मांजराला बंद खोलीत कोंडणं हा त्याच्यावर उपकार नाही. पण सोडून दिलेलं घरचं मांजर आणि लहान पिल्लं यांच्यासाठी धडपडा.

देताना सोबत द्यायचं: लसीकरणाचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, नसबंदीचा कागद, चिप असेल तर तिचा नंबर नव्या माणसाच्या नावावर करून, आणि ‘जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता मला परत देईन’ असं लिहिलेला सही केलेला कागद. नव्या घराच्या खिडक्यांना जाळी आहे का, हे फोटोवर नाही, जाऊन बघा. मी एकदा फोटोवर भागवलं होतं. नव्या मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायला सांगा. पलंगाखालून बाहेर येत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी परत आणून दिलेली मांजरं मी पाहिली आहेत. पलंगापासून लांब बसायचं, टक लावून बघायचं नाही, डोळे सावकाश मिटायचे आणि उघडायचे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये हे तपासून पाहिलं: माणसानं असे डोळे मिचकावले की मांजरंही जास्त वेळा तसंच उत्तर देतात.

९. तुम्ही नसाल तेव्हा

आजारपण, प्रवास, बदली. आत्ताच एक माणूस ठरवा आणि वहीची प्रत त्याच्याकडे द्या. पहिल्या पानावर एवढं असू दे: जेवणाची वेळ आणि जागा, किती मांजरं, कुणाचा कान कापलेला आहे आणि कुणाचा राहिलाय, डॉक्टरचा नंबर, पिंजरा कुठे ठेवलाय. माझ्या पानावर सध्या सात नावं आहेत. सहांपुढे ‘कान’ लिहिलंय. सातवा पिवळा बोका. पिंजऱ्याभोवती तीन आठवडे फिरतोय, आत ठेवलेला मासा बाहेरूनच पंज्यानं ओढून नेतो.